हाऊसफुल्लचा फलक आणि खतावणी

राजगडावर पाली दरवाजाने चढणारी वाट ज्या गावातून निघते, त्या पाली गावात गेली काही वर्षे माझा मुक्काम आहे. तालुका वेल्हे, आता त्याला राजगड तालुका म्हणतात. शनिवार-रविवारी गड चढणाऱ्यांची येथे गर्दी होते. आमच्या बाजूने मात्र पुणे दूर आहे. नाटक पाहावयाचे म्हणजे नसरापूरमार्गे शहर गाठावयाचे आणि रात्री प्रयोग सुटल्यावर परतीच्या वाहनाची सोय आधीच करून ठेवावयाची. मागच्या हिवाळ्यात शेजारचे आबा आणि त्यांच्या घरची चार माणसे यांना घेऊन मी पुण्यास एका नाटकाला गेलो. जीपचे भाडे आमच्या सहाही तिकिटांच्या रकमेहून अधिक झाले.

मध्यंतरात आबा खुर्च्यांच्या रांगा मोजत उभे राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, हितं एवढी मानसं बसली, त्यांचं पैसं कुनाला मिळत्यात?"

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर देता आले नाही. आबांच्या जगात या प्रश्नाला उत्तर असते. गावच्या जत्रेत तमाशा आणला तर सुपारी किती ठरली, घरटी वर्गणी किती जमली, कमी पडले ते कोणी घातले, हे सारे देवळात सर्वांसमोर वाचून दाखविले जाते. तमाशा सर्वांनी फुकट पाहिलेला असतो आणि त्याचा हिशेबही सर्वांना ठाऊक असतो. मी चाळीस वर्षे नाटके पाहतो, नाट्यसमीक्षा वाचतो, क्वचित लिहितोही. संहिता, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, संगीत यांवर मी पानेच्या पाने वाचली आहेत. एका प्रयोगाचे पैसे कोठून येतात आणि कोठे जातात हे मात्र समीक्षेने मला सांगितले नाही. पैशाचा विषय काढणे जणू कलेच्या घरात चपला घालून शिरणे, असे आपण मानीत आलो. माझ्या मते ही आपल्या समीक्षेची मोठी उणीव आहे. मराठी नाटकाचे रूप जितके नाटककारांनी घडविले तितकेच ते खतावणीनेही घडविले आहे. आणि खतावणी न वाचता नाटकाचे गुणदोष सांगू गेले की नाटककाराच्या पदरी भलतेच दोष बांधले जातात.

आरंभ पाहा. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि आश्रय संपला. भाव्यांची मंडळी गावोगाव फिरू लागली, आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक राजवाड्यातून बाजारात आले ते कलेच्या ओढीइतकेच पोटाच्या निकडीने. त्या दिवसापासून त्याला एक नवा धनी मिळाला. तो धनी रोज रात्री बदलतो आणि त्याच्याकडे रदबदली करता येत नाही.

या धन्याशी सर्वांत विलक्षण व्यवहार कोणी केला असेल तर तो बालगंधर्वांनी. नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत १९०५ साली आले. १९१३च्या जुलै महिन्यात गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघे भागीदार होते. पुढे टेंबे बाहेर पडले, नंतर बोडसही, आणि मालकीचा सारा भार एकट्या नारायणरावांवर आला. 'स्वयंवर' (१९१६), 'एकच प्याला' (१९१९), 'द्रौपदी' (१९२०) ही नाटके म्हणजे मंडळीचा मध्यान्हकाळ. बाहेर तिकिटासाठी झुंबड उडत होती आणि आत कर्जाचा डोंगर वाढत होता. हे कसे घडले?

याचे प्रचलित उत्तर असे की, नारायणराव देवमाणूस, त्यांना व्यवहार कळत नव्हता, भोवतालच्यांनी लुबाडले. या उत्तरात काही तथ्य असेलही. पण त्याने मूळ गोष्ट झाकली जाते. भरजरी शालू, अस्सल अत्तर, गालिचे, नामांकित सारंगीये आणि तबलजी, 'द्रौपदी'तील मयसभेच्या देखाव्यावर झालेला अफाट खर्च, मंडळीच्या बिऱ्हाडातील पंक्ती, ही सारी उधळपट्टी होती असे हिशेबनीस म्हणेल. तिकीट काढून येणारा प्रेक्षक काय घेण्यासाठी येत होता, हे मात्र हिशेबनिसाच्या वहीत नसते. ज्याच्या घरी उभ्या आयुष्यात तसा शालू येणार नव्हता, ज्याला तसले गाणे कोणत्याही दरबारात बसून ऐकता येणार नव्हते, तो चार-पाच तास त्या वैभवाचा धनी होत असे. ते वैभव काढून घेतले असते तर गल्लाही उतरला असता. ज्या खर्चाने मंडळी बुडाली, त्याच खर्चाने ती चालत होती. म्हणून 'थोडी काटकसर केली असती तर' हा सल्ला मला नेहमी पोकळ वाटत आला आहे. बालगंधर्वांची चूक काढायचीच तर ती वेगळ्या ठिकाणी आहे: भागीदार गेल्यावर त्यांच्यापाशी 'नको' म्हणणारे कोणी उरले नाही. सगळा नफा आणि सगळा तोटा एका माणसाच्या नावावर चढत गेला, आणि तो माणूस रोज रात्री रुक्मिणी किंवा सिंधू होऊन उभा राहत होता. स्वतःच भूमिका करणाऱ्याने स्वतःचीच खतावणी तपासावी, हे अवघडच.

कर्ज उघड झाल्यावर दिवाळे जाहीर करण्याची वाट त्यांना मोकळी होती. त्यांनी ती घेतली नाही. प्रयोग करीत राहिले आणि त्यांच्या उत्पन्नातून वर्षानुवर्षे देणी फेडली. हे त्यांच्या गाण्याइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. आज बँकांच्या थकबाकीच्या बातम्या वाचताना तर अधिकच.

याच काळातील एक रात्र मराठी माणूस अजून आठवतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. एका बाजूला बालगंधर्वांची भामिनी, दुसऱ्या बाजूला ललितकलादर्शचे केशवराव भोसले यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आल्या होत्या. तिकिटांचे दर त्या काळी न ऐकलेले होते, तरी नाट्यगृह भरले. पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. या प्रयोगाच्या आठवणी लिहिताना आपण गाण्याची चढाओढ रंगवितो. मला त्यातील व्यवहाराचे नवल वाटते. स्वतः गळ्यापर्यंत कर्जात असलेला मालक एका रात्रीचा गल्ला सार्वजनिक निधीला देतो, आणि लोक भारी दराने तिकीट काढून *येतातही*. ते तिकीट घेऊन घरी बसले नाहीत. या 'येतातही'कडे पुढे वळायचे आहे.

१९३१-३२ मध्ये बोलपट आला. 'अयोध्येचा राजा'ने १९३२ साली मराठीतून बोलायला सुरुवात केली आणि नाट्यगृहांचे मालक चित्रपटवाल्यांना भाडेपट्टे देऊ लागले. ज्या यंत्रावर शालू एकदाच विकत घ्यावा लागतो आणि शंभर गावांत एकाच रात्री दाखविता येतो, त्याच्याशी शंभर माणसांचे बिऱ्हाड घेऊन फिरणारी मंडळी कशी टक्कर देणार? बालगंधर्वही प्रभातकडे गेले. 'धर्मात्मा' १९३५ सालचा. त्यांना चित्रपट मानवला नाही आणि ते रंगमंचाकडे परतले, पण मंडळ्यांचे युग तोवर सरले होते.

येथे समीक्षेची एक जुनी तक्रार तपासून पाहण्यासारखी आहे. पूर्वीच्या नाटकांचा आवाका मोठा होता, आताचे नाटककार दिवाणखान्याबाहेर पडत नाहीत, असे आपण म्हणतो. मंडळीत नट महिन्याच्या पगारावर होते. नाटकात पात्रे दहा असली काय नि तीस असली काय, पगार तोच. पाच अंक, दरबार, अरण्य, चार-सहा पडदे, सारे परवडत होते, कारण माणसे आणि पडदे घरचेच होते. मो. ग. रांगणेकरांनी १९४१ साली नाट्यनिकेतन काढले आणि पुढच्या वर्षी 'कुलवधू' आणले, तेव्हा त्यांनी एका घरात घडणारे आटोपशीर नाटक पुढे केले. रुची बदलली होती हे खरे. खर्चही बदलला होता हे तितकेच खरे. पुढे पगारी नट जाऊन 'नाईट' आली, म्हणजे प्रयोगागणिक मानधन. आता प्रत्येक पात्राची किंमत प्रत्येक रात्री मोजावी लागते. नाटककाराने एक म्हातारा नोकर लिहिला तर त्या नोकराची नाईट, चहा, जेवण आणि बसमधील जागा निर्मात्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. मग तो नोकर फोनवरच्या आवाजात बदलतो, किंवा गावी गेलेला असतो! पाच अंकांचे दोन अंक झाले, चाळीस पात्रांची पाच झाली. याला प्रतिभेची आटणी म्हणण्यापूर्वी समीक्षकाने टेम्पोत किती सामान मावते हे एकदा पाहावे.

हाऊसफुल्लच्या फलकाविषयीही आपला असाच गैरसमज असतो. समजा, नाट्यगृह नऊशे आसनांचे आहे आणि तिकिटाची सरासरी तीनशे रुपये पडते. एकही खुर्ची रिकामी नसेल तर गल्ला होतो दोन लाख सत्तर हजार. यातून नाट्यगृहाचे भाडे व वीज, वृत्तपत्रांतील जाहिराती, तिकीटविक्रीवरील कमिशन, नटांच्या नाईट, लेखक-दिग्दर्शकांचे प्रयोगागणिक मानधन, संगीत, प्रकाश, रंगभूषा, नेपथ्य लावणारे कामगार, टेम्पो, बस आणि साऱ्या चमूचे खाणेपिणे वजा करावयाचे. आता अर्धेच नाट्यगृह भरले असे धरा. गल्ला एक लाख पस्तीस हजारांवर येतो, पण विक्रीवरील कमिशन सोडले तर खर्च कमी होत नाही. दिवे अर्धे लागत नाहीत, नायक अर्धी नाईट घेत नाही, टेम्पो अर्ध्या वाटेवर थांबत नाही. म्हणून एका भरलेल्या प्रयोगाची कमाई दोन-तीन ओस प्रयोग खाऊन टाकतात. शिवाय पहिली घंटा होण्याआधी नेपथ्य, वेशभूषा, तालमींची जागा यांवर घातलेले भांडवल वेगळेच. नाटक पंधराव्या प्रयोगाला बसले तर ते परत येत नाही.

दर वाढवावा म्हटले तर त्यालाही कुंपण आहे. २०१८ साली वस्तू व सेवा करातून पाचशे रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटास सूट मिळाली. पाचशेच्या वर गेले की कर आला. आणि आबांसारख्यांना तीनशे रुपयेही कमी नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा या व्यवहाराचा कच्चा पाया सर्वांना दिसला. ज्याला प्रयोगागणिक पैसे मिळतात, त्याचा प्रयोग बंद म्हणजे चूल बंद. प्रसिद्ध नटांना मालिका होत्या. पडदा ओढणाऱ्याला, इस्त्रीवाल्याला, नेपथ्याच्या चौकटी वाहणाऱ्याला काय होते? २२ ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील नाट्यगृहे पुन्हा उघडली ती निम्म्या आसनांवर. वर मांडलेले गणित आठवले तर निम्म्या आसनांवर प्रयोग लावणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

तोटा एकाच्या डोक्यावर न पडू देण्याची एक रीत मराठी रंगभूमीने शोधली होती, तिच्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. दी गोवा हिंदू असोसिएशन ही मुंबईतील १९१९ सालची संस्था. तिच्या कला विभागाने 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२), 'मत्स्यगंधा' (१९६४), 'नटसम्राट' (१९७०) अशी नाटके आणली. तिकीट लावून, गावोगाव दौरे करून, पूर्ण व्यावसायिक शिस्तीने. मात्र नफा खिशात घालणारा मालक तेथे नव्हता. रामकृष्ण नायकांसारखे कार्यकर्ते मागे होते आणि संस्थेच्या समाजकार्यातूनच गोव्यातील बांदोडे येथे वृद्धांसाठी स्नेहमंदिर उभे राहिले. एका नाटकाने दिलेले दुसऱ्याने घ्यावे, आणि दोघांनी मिळून तिसऱ्याचे धाडस करावे, हे तेथे शक्य होते. राजा लियरची सावली असलेल्या एका थकलेल्या नटाची शोकांतिका व्यावसायिक मंचावर आणण्याची छाती अशाच व्यवस्थेत होते, असे मला वाटते.

आपल्या ख्रिस्ती वाचकांना दुसरे एक उदाहरण अधिक जवळचे आहे. कोकणी तियात्राचा जन्म मुंबईतला. १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरात लुकाझिन रिबेरो यांनी 'इटालियन भुरगो' सादर केला. आसगावचे हे तरुण मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीत कामाला होते. कंपनी परत निघाली तेव्हा तिचे काही पोशाख त्यांनी स्वस्तात विकत घेतले आणि त्या पोशाखांवर आपला खेळ उभा केला. म्हणजे या परंपरेचा पहिला श्वासच काटकसरीचा आहे. पुढे मुंबईच्या कुडांतून राहणारे खलाशी, आचारी, बटलर, आया यांनी स्वतःच्या पगारातून तिकिटे काढून तियात्र जगविला. दरबार नव्हता, अनुदान नव्हते, समीक्षकांची शाबासकी तर नव्हतीच. अंकांमधील कांतारांना आम्ही शिष्ट मंडळी फार दिवस हसलो. पण मध्येच गाणे आले की प्रेक्षक जागा होतो, टाळी देतो, पुन्हा तिकीट काढतो. ही बांधणी त्या प्रेक्षकाने स्वतःच्या पैशाने घडविलेली आहे. तिच्यातील भडकपणा मला अजूनही खटकतो. तिचा प्रामाणिकपणा मात्र मान्य केलाच पाहिजे.

आता आपल्या घरचे. देणगी प्रयोग आपल्या धर्मग्रामांना नवे नाहीत. सभागृहाचे छत, शाळेची खोली, एखाद्याची शस्त्रक्रिया; निधी हवा की व्यावसायिक नाटकाचा प्रयोग ठोक रकमेला घ्यावयाचा आणि प्रवेशिका विभागवार वाटून द्यावयाच्या. काही वर्षांपूर्वी अशाच एका समितीत मी होतो. प्रवेशिका झपाट्याने खपल्या. दाराशी हाऊसफुल्लचा फलक लावताना आम्हाला धन्य वाटले. पडदा वर गेला तेव्हा तिसरा हिस्सा खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि त्याही पुढच्या, भारी दराच्या. ज्यांनी देणगी म्हणून प्रवेशिका घेतली होती त्यांना यावयाचे नव्हतेच. काहींनी ती मोलकरणीला दिली होती, बहुतेकांनी टेबलाच्या खणात ठेवली होती. मध्यंतरात प्रमुख नटाने मला बाजूला घेऊन विचारले, "तिकिटे खपली म्हणता, मग माणसे कुठे आहेत?" विनोदी नाटक होते. रिकाम्या पुढच्या रांगांवरून हशा मागे पोहोचेपर्यंत विरून जात होता. मागे बसलेली, कमी दराची तिकिटे घेऊन हौसेने आलेली कुटुंबे संकोचून हसत होती.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर शिल्लक जाहीर झाली, टाळ्या पडल्या. त्या हिशेबात एकही आकडा खोटा नव्हता. तरी तो हिशेब अपुरा होता. आमचे कंत्राट पूर्ण झाले, निर्मात्याला ठरलेली रक्कम मिळाली, छतही झाले. पण त्या रात्री आम्ही शहरातील काहीशे माणसांना शिकविले की नाटकाचे तिकीट ही एक वर्गणी आहे, घ्यावी आणि विसरावी. अशी वर्गणी दोन-चारदा दिलेला माणूस नंतर खिडकीवर स्वतः तिकीट काढावयास कशाला जाईल? 'संयुक्त मानापमान'ला लोकांनी फंडासाठी पैसे दिले आणि ते आलेही. १९८०च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा आदींनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, तेव्हाही लोकांनी नाटक *पाहिले*, आणि त्या निधीतून कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. नाटक चांगले असल्याखेरीज कारण चांगले असून भागत नाही, हे त्या आयोजकांना ठाऊक होते. आम्ही नाटक निवडताना 'कोणाची तारीख मिळते आणि ठोक किती सांगतात' एवढेच विचारले होते. संहिता समितीतील एकानेही वाचली नव्हती, मीसुद्धा.

दुसऱ्या वर्षी मी एक सूचना केली: प्रवेशिका कमी दराच्या ठेवाव्यात, खिडकी उघडावी, देणगीचा डबा वेगळा ठेवावा, आणि सारा खर्च, कामगारांच्या मजुरीसकट, सूचनाफलकावर लावावा. सूचना अव्यवहार्य ठरली. कदाचित असेलही. निधीसाठी पुढे आम्ही सोडत काढली.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर मी परतीच्या वाटेवर जीपमध्ये दिले. वर मांडले आहे ते सारे, जमेल तितके सोपे करून. निघताना नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी आम्ही थोडे थांबलो होतो. नेपथ्याची भिंत उतरवून चार पोरे टेम्पोत चढवीत होती. मगाशी ज्या खिडकीतून नायिका पाऊस पाहत होती ती खिडकी एकाच्या डोक्यावर होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा पुढचा प्रयोग दुसऱ्या गावी होता. आबांनी सारे ऐकून घेतले, आणि चेलाडीचा फाटा मागे पडल्यावर म्हणाले, "मंग त्या खिडकीवाल्याला किती मिळत्यात, त्ये सांगा की."

तो आकडा मी विचारून घेतलेला नव्हता.